बंदुकीची इद्दत

आमच्या पोलीस स्टेशनच्या मुद्देमालाच्या खोलीत एकदा एका बंदुकीला पडदा होता. थट्टा करत नाही. जप्तीच्या सायकली, गावठी दारूचे कॅन, एक फुटकी बाजाची पेटी आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, भिंतीला टेकून, पांढऱ्या मलमलीत नखशिखांत गुंडाळलेली दुनळी बंदूक. तिच्याकडे परक्या पुरुषाने बघायचं नाही असा हुकूम होता. हुकूम इन्स्पेक्टरसाहेबांचा नव्हता, कोर्टाचाही नव्हता. आमच्या शेजारच्या आमिनाचाचीचा होता. आणि तो पोलिसांना समजावून सांगायला कोण गेलं? मी. नगरपालिकेच्या पाणीपट्टी विभागातला कारकून कांबळे. बंदुकीशी माझा आयुष्यातला संबंध जत्रेत फुगे फोडण्यापुरता, आणि तोही नेम चुकलेला.

आजही ते दिवस आठवले की माझं डोकं तापतं. बायको म्हणते, जाऊ द्या आता. का म्हणून जाऊ द्या? माझ्या दोन चपला त्या बंदुकीपायी झिजल्या.

आमिनाचाची म्हणजे गफूरचाचांची बायको. घराणं कोकणी मुसलमानांचं, भिवंडीत किती पिढ्यांचं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. खाली कापड विणायच्या लूमची शेड, वर राहायचं घर, त्यावर गच्ची, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून आमचं बिऱ्हाड. चाची उंच, सडपातळ, साठी ओलांडलेली, आणि तिची जीभ म्हणजे नुसता पट्टा. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मान वर कर!"

हे ती कुणालाही म्हणायची. भाजीवाला टोपलीत हात घालून भाव सांगायला लागला, "मान वर कर!" माझी बायको भांडी घासता घासता बोलायला लागली, "मान वर कर, मग बोल!" सरकारी माणसाची तर खोडच असते, तोंड फायलीत आणि बोलणं समोरच्याशी. चाची टेबलावर थाप मारून विचारायची, "मी काय कागदात हाय? इथं बग. माज्या तोंडाकडं बगून बोल." साहेब दचकून वर बघायचे आणि मग बोलायचे. ते काय बोलले ते मात्र ती पुरतं ऐकून घ्यायची नाही. मध्येच हाताचा पंजा पुढे करायची आणि म्हणायची, "मना सगला ठाऊक हाय."

या दोन वाक्यांवर तिने अख्खा मोहल्ला चालवला. दुसऱ्याचं ऐकून घेणं हा प्रकार तिच्या रक्तातच नाही, असं माझं ठाम मत होतं. चार लूमच्या मालकिणीचा माज, दुसरं काय? तिचा आवाजही खणखणीत होता, पण त्याचं आम्हाला काही वाटायचं नाही. दिवसरात्र लूमच्या खडखडाटात राहणारी माणसं आम्ही. आमच्याकडे नवरा-बायको लाडात बोलतात तेसुद्धा कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ऐकू जातं.

गफूरचाचा मात्र अगदी उलट. दिवसातून दहा वाक्यं बोलले तर त्यातली आठ लूमशी. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. विलायती बनावटीची, घोड्यांपाशी चांदीची वेल, नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. तिने कधी माणूस मारला नाही, डुक्कर मारलं नाही, साधा कावळासुद्धा मारला नाही. तिला वर्षातून एकच महिना काम. रमझानात रोजा सोडायची वेळ झाली की चाचा गच्चीवर जायचे, नळीत नुसती दारू भरायचे, वर लूमखालच्या चिंध्यांचा बोळा ठासायचे आणि आकाशाकडे तोंड करून बार काढायचे. कारण लूमच्या आवाजात कामगारांना अजान ऐकूच यायची नाही. बार झाला की शेडमधले हात थांबायचे आणि खजूर तोंडात पडायचा. आमच्या घरातल्या फळीवरची भांडी त्या बाराने नाचायची. पहिल्या वर्षी माझ्या बायकोने घाबरून वरणाचं पातेलं सोडलं. पुढे त्या बारावर आम्ही संध्याकाळचा दिवा लावायला लागलो.

मग मशिदीवर भोंगा आला, घरोघरी घड्याळं आली. बाराची गरज उरली नाही. चाचा तरी बार काढतच राहिले. मी एकदा विचारलं, "आता कशाला चाचा?" ते म्हणाले, "हिला सवय हाय." बस, एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी लूमसाठी राखून ठेवलं.

निवडणूक आली की गावातल्या लायसनवाल्या बंदुका पोलिसांत जमा कराव्या लागतात. चाचा बंदूक चादरीत गुंडाळून रिक्षाने घेऊन जायचे आणि निकाल लागला की तशीच परत आणायचे. मुद्देमाल सांभाळणारे हवालदार शिंदे आणि चाचा यांची ओळख या ये-जामध्येच झालेली.

एका थंडीत गफूरचाचा झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी फातेहा पढणं चालू असतानाच पोलिसांची जीप दारात. लायसनवाला मेला की त्याचं लायसनही मेलं, बंदूक ताबडतोब जमा. कायदाच तसा आहे, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण एक पोरसवदा शिपाई आत गेला, खुंटीवरची बंदूक नळीला धरून ओढली आणि लाकूडफाटा टाकावा तशी जीपमध्ये टाकली. पावती माझ्या हातात कोंबली, कारण तिथे उभा असलेला लिहिता-वाचता पुरुष मी एकटाच होतो. माझ्या हालांना तिथून सुरुवात झाली. चाची इद्दतीत होती. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. ती आतल्या दाराच्या पडद्यामागे उभी होती. पडदा हलला, पण ती बोलली नाही. "मान वर कर" सुद्धा नाही.

इद्दत संपली त्या सकाळी तिने भिंतीवर थाप मारली. "कांबले! चल. बंदूक आणायची."

बंदूक आणायची म्हणजे भाजी आणायची नव्हे हे मी तिला पायऱ्या उतरताना सांगितलं. तिने पंजा दाखवला. आम्ही लायसनच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी मान खाली घालून विचारलं, "बंदूक कशासाठी हवी?"

"मान वर कर!"

साहेबांनी मान वर केली आणि पुन्हा विचारलं. शेती आहे का, पिकाचं रक्षण करायचंय का? शेती नाही. जिवाला धोका? "मना कोन मारील?" असं चाची म्हणाली, आणि ते खरंच होतं. मग बंदूक कशाला? "रमझानला वाजवायला." साहेबांनी फॉर्मकडे बघितलं. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. मग म्हणाले, "घरात पुरुषमाणूस नाही का कोणी?" मुलगा एक, तो कुवेतला, आणि त्याने कळवलेलं की मला बंदूक नको. "मग बाईमाणसाने ही कटकट कशाला घ्यायची?"

त्या वाक्याने माझं रक्त उसळलं. नव्वद साल उजाडायला आलं होतं, आणि हा गृहस्थ अजून घरात पुरुष शोधत बसलेला! मी काहीतरी बोलणार तेवढ्यात चाचीने त्याला जे सुनावलं ते लिहिता येणार नाही. अर्ज नामंजूर झाला. आता मार्ग दोनच, असं बाहेरच्या शिरस्तेदाराने मला समजावलं. ठरलेल्या मुदतीत लायसन असलेल्या कुणाला तरी रीतसर विकायची, नाहीतर बंदूक सरकारजमा. सरकारजमा झालेल्या जुन्या बंदुकांचं काय होतं, मी विचारलं. "तोडतात," तो म्हणाला आणि पान लावायला लागला.

हे मी चाचीला रिक्षात सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण ती रस्त्याकडे बघत होती. दुसऱ्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "तोडतात म्हंजे करवतीने?"

"असेल."

"मग इकू. पन मी सांगीन त्याला."

तिच्या पसंतीचं गिऱ्हाईक शोधणं! पोरीचं लग्न परवडलं. वस्तू जुनी आणि देखणी असल्यामुळे गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. मुंबईहून एक वकीलसाहेब मोटारीतून आले. त्यांना जुन्या बंदुका जमवायचा नाद, घरात काचेचं कपाट, प्रत्येक बंदुकीखाली पितळी पाटी. लायसन, कागदपत्रं सगळं चोख. बंदुकीचं वर्णन ऐकूनच माणूस पाघळला. चाचीने चहा दिला आणि विचारलं, "वाजवनार?"

"छे, छे! इतकी जुनी चीज वाजवायची नसते हो. ही फक्त बघायची."

"बगायचीच असंल तर मना काय डोले न्हाय?" चाची म्हणाली आणि भरलेला कप उचलून आत घेऊन गेली.

दुसरा वळ गावचा एक जमीनदार. तिकडे शेतात गोदामं उभी राहायला लागली होती, हाती पैसा आलेला. तो म्हणाला, मी वाजवीन, लग्नात वाजवीन, वाढदिवसाला वाजवीन. चाचीने विचारलं, "वल किती लांब?" मी अंतर सांगितलं. "न्हाय," चाची म्हणाली. बस. तो बिचारा अजून दागिन्यांनी भरलेले हात जोडून उभा, आणि मी त्याला काय कारण सांगू? अंतराचा आणि बंदुकीचा संबंध काय? मी संतापून तिला विचारलं. पंजा. मना सगला ठाऊक हाय.

तिसरा बाळाराम म्हात्रे. टेमघरचा, आगरी, चाळिशीचा, साधा गडी. बापाच्या वेळेपासून शेतासाठी लायसन, आणि जुनी बंदूक गंजून गेलेली. त्याला चाचीने भाव सांगितलाच नाही, आधी त्याचं घर दाखव म्हणाली. मला रजा टाकावी लागली. आम्ही टेमघरला गेलो. ही बाई घरात न बसता सरळ जिना चढून गच्चीवर. चारही बाजूंना बघितलं, मग म्हणाली, "कांबले, तो आपला मिनार न्हाय का?" मिनार दिसत होता, त्याच्या अलीकडे आमची गच्चीही दिसत होती, माझ्या बायकोने वाळत घातलेल्या पापडांसकट.

"बाळाराम, इकडं बग. मान वर कर. तुना बंदूक देते. पन एक काम हाय, ते कागदावर नको." आणि तिने सांगितलं. रमझानात, इफ्तारीच्या वेळेला, नुसती दारू आणि चिंधी, या गच्चीवरून एक बार.

बाळाराम डोकं खाजवत म्हणाला, "रोज?"

"म्हैनाभर."

"आपल्याला काय, चाची. दिवाळीला आमी काय कमी वाजवतो? काढीन बार."

आता कुठे मला त्या अंतराचं कोडं सुटलं, आणि सुटलं म्हणून राग आणखीच आला. अगं बाई, तुझ्या डोक्यावर भोंगा आहे, हातावर घड्याळ आहे, आणि एवढ्यासाठी तू मुंबईच्या गिऱ्हाइकाचा चहा परत नेलास? पण कुणाला बोलणार? तोंड माझं आणि पंजा तिचा.

मग कागद. विकणाऱ्याने पोलिसांना लेखी कळवायचं की अमुक बंदूक तमक्याला विकायचा इरादा आहे. वारस म्हणून कुवेतच्या मुलाची ना-हरकत. घेणाऱ्याच्या लायसनवर नवीन बंदुकीची नोंद करायची परवानगी. आणि लेखी कळवल्यापासून पंचेचाळीस दिवस थांबायचं, त्याआधी हात लावायचा नाही. शेवटचं कलम मी भीतभीतच सांगितलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. पण चाची विचारात पडली.

"पंचेचालीस दिवस ती कुठं राहनार?"

"आहे तिथेच. शिंद्यांच्या ताब्यात."

"आनि कोनाची न्हाय?"

"तसंच म्हणायचं. ना तुझी, ना त्याची."

तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे इद्दत! एका घरातनं दुसऱ्या घरात जायच्या आधी मधी टाइम पायजेच. बराबर हाय. कांबले, सरकारला थोडी अक्कल हाय." सरकारबद्दल तिने काढलेले हे पहिले आणि शेवटचे बरे उद्गार.

मी हसलो. हसलो हीच चूक. दुसऱ्या दिवशी ती लूमवरची मलमल आणि समजावून सांगायला मला घेऊन पोलीस स्टेशनात हजर. बंदूक इद्दतीत आहे, तिला उघडी ठेवायची नाही, परक्या पुरुषाने बघायचं नाही. शिंदे मला बाजूला घेऊन म्हणाले, "कांबळे, हिचं डोकं ठीक आहे ना?" मी म्हणालो, तुम्हीच सांगा. शिंद्यांनी थोडा वेळ मिशी ओढली. मग म्हणाले, "गुंडाळू द्या. धूळ तरी बसणार नाही." आणि तिला आत घेऊन गेले. मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी तीनदा तौबा केली. चाची त्यांनाही म्हणाली, "मान वर करून बोला."

इथवर एक वेळ ठीक होतं. पण बाळाराम म्हात्रे मुदतीच्या मध्यावर बंदूक बघायला गेला, आणि का जाऊ नये? माणूस वांगी घेताना दाबून बघतो. नेमकी चाची तिथेच होती, दर गुरुवारी ती मलमल बदलायला जायची. तिने दारात हात आडवे केले.

"इद्दतीत हाय! आता न्हाय बगायची."

"आवं चाची, बंदूक हाय ती!"

"म्हनून काय झाला?"

"नली फुटलेली असंल, घोडा तुटलेला असंल, मना काय कलनार? डोले मिटून घेऊ?" बाळारामने माझ्याकडे बघितलं. मी तिथे का होतो? कारण गुरुवार होता आणि मलमलीचं गाठोडं माझ्या हातात होतं. "कांबले, तुमी तरी सांगा यांना."

मी सांगितलं. चारचौघांत, आवाज चढवून सांगितलं की चाची, ते लाकूड आहे, लोखंड आहे, त्याला कसली इद्दत आणि कसला पडदा? माझ्या ऑफिसात पाणीपट्टीचे ढीग पडलेत, आणि मी इथे बंदुकीची लुगडी सांभाळतोय! तिने माझं सगळं ऐकलं, पंजा न दाखवता. मग म्हणाली, "न्हाय."

बाळाराम चिडला. "तर मंग ठेवा तुमची बंदूक. मना नको." आणि तडक निघून गेला.

शिंद्यांनी कागद पुढे ओढला. नवीन गिऱ्हाईक शोधायचं, नव्याने कळवायचं, पुन्हा थांबायचं, तोवर सरकारची मुदत संपते. "मग माझ्या हातात काही राहत नाही, चाची," ते म्हणाले. मान वर करून म्हणाले. चाची बाकावर बसली. तिच्या हातात जुनी मलमल होती, तिची ती घडी घालत राहिली.

"शिंदे," ती म्हणाली, "त्या टायमाला तुमचा शिपाई पोरगा आला ना, मी परद्यात व्हते. ह्यांच्या हातची वस्तू. त्याने नलीला धरली. मना बाहेर येता येत न्हवता, बोलता येत न्हवता. मी दिली न्हाय. त्याने नेली." मग म्हणाली, "या खेपेला मी देनार हाय. सगला रीतसर करून देनार. नायतर तोडा तुमी."

शिंदे खिडकीबाहेर बघायला लागले. मला तिचा राग आला होता, पण त्या शिपायाचा त्याहून जास्त आला. पावती माझ्या हातात कोंबताना त्याला दोन शब्द सुनावायला माझं काय जात होतं?

संध्याकाळी मी टेमघरला गेलो. स्वतःच्या खर्चाने, रिक्षाने. बाळारामला सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्याआधी ऐकलं ते ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या त्याच्या आईने. काष्टा घातलेली, नाकात नथ, वयाने चाचीएवढीच. ती म्हणाली, "बायकांनी बगितलेली चालते ना?"

मलाच हे सुचायला हवं होतं. इद्दतीतल्या बाईसमोर बाईने जायला कुठे मनाई असते?

"मंग उद्या मी बगते. माझा दादला डुकरावर बंदूक लावायचा तवा भरून कोन देत व्हता? मीच ना?"

दुसऱ्या दिवशी पोलीस स्टेशनातून आम्ही सगळे पुरुष बाहेर व्हरांड्यात. शिंदेसुद्धा! स्वतःच्या मुद्देमालाच्या खोलीबाहेर! इन्स्पेक्टरसाहेब आले, त्यांनी विचारलं काय चाललंय, शिंदे म्हणाले तपासणी. आत दोघी म्हाताऱ्या. घोडे ओढल्याचे खटके ऐकू आले, मग लाकडावर बोटं वाजवल्याचा आवाज, माठ घेताना वाजवतात तसा. आणि मग हसण्याचा. बाळारामची आई पदराला हात पुसत बाहेर आली. "बरी हाय. तोंड सुंदर हाय. घे," ती म्हणाली.

मुदत भरली त्या दिवशी चाचीने मलमल स्वतः सोडली. सह्या झाल्या, दोन्हीकडे नोंदी झाल्या. शिंदे बंदूक उचलायला पुढे झाले तेव्हा तिने त्यांना थांबवलं. बंदूक दोन्ही हातांवर आडवी घेतली, नळ्या आपल्या बाजूला, दस्ता बाळारामच्या बाजूला, आणि म्हणाली, "मी देते." बाळारामने वाकून घेतली. मलमल तिने मला दिली. तिचं मी काय करावं हे मात्र तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या वर्षी रमझानच्या पहिल्या संध्याकाळी भिंतीवर थाप पडली. "कांबले, गच्चीवर ये." मी रोजा ठेवत नाही, माझ्या धर्मात तो नाही, आणि मी नुकताच ऑफिसातून आलेलो. "मी कशाला?" म्हणत गेलो. चाची टेमघरकडे तोंड करून वेताच्या मोड्यावर बसलेली, पुढ्यात खजूर आणि पाण्याचा तांब्या. नेमकी वीज गेली. गावभरचे लूम एकामागून एक थांबले, आणि भिवंडीत कधी नसते अशी शांतता पसरली. भोंगा बंद, मशिदीतून नुसत्या गळ्याची अजान आली, आणि तेवढ्यात टेमघरच्या बाजूने बार झाला. दणदणीत. कठड्यावरची कबुतरं उडाली. मी खूश होऊन चाचीकडे वळलो.

ती तशीच बसली होती. खजूर हातात, डोळे माझ्या तोंडावर.

मला आधी कळलंच नाही. मग "मान वर कर" कळलं. पंजा कळला. दोनदा सांगावं लागणं कळलं, घड्याळ आणि भोंगा असतानाही चाचा डोक्यावर बार का काढत राहिले तेही कळलं. चाळीस वर्षं लूमवर राहून त्या बाईचे कान गेले होते. आणि ते एका माणसाला ठाऊक होतं, त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याचा बार तिला पायाखालच्या जमिनीतून कळायचा. टेमघरचा बार इतक्या लांबून जमिनीत कुठला येणार?

"झाला," मी तिच्याकडे तोंड करून म्हणालो.

"मना ठाऊक हाय," ती म्हणाली आणि खजूर तोंडात टाकला.

तेव्हापासून रमझानचा महिनाभर ऑफिस सुटलं की मी धावत घरी. मित्र विचारायचे, तू कधीपासून रोजे धरलेस? काय सांगणार? वर्षानुवर्षं एका कारकुनाने गच्चीवर उभं राहून "झाला" म्हणायचं, हे काय काम आहे? तिला मी तसं कितीदा तरी सुनावलं. तिच्याकडे पाठ करून सुनावलं, म्हणजे भांडण व्हायला नको.

पुढे एका वर्षी ऐन रमझानात निवडणूक आली. गावातल्या बंदुका जमा. बाळाराम आपली बंदूक चादरीत गुंडाळून शिंद्यांकडे देऊन आला, वाटेत मला भेटून सांगूनही गेला. आता झाली का पंचाईत! ही गच्चीवर बसणार, बार होणार नाही, आणि मी काय सांगू? निवडणूक आयोगाला शिव्या घालतच मी वर गेलो. चाची बसलेली. खाली लूम धडधडत होते. भोंग्यावर अजान झाली. टेमघरकडून काहीच येणार नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी जरा दचकल्यासारखं केलं, कठड्यावरून कबुतरं उडाली असावीत तशी मान वळवली, आणि म्हणालो, "झाला."

चाचीने खजूर खाल्ला. बी हातात घेतली, वर पाणी प्यायली. मग सावकाश तोंड पुसून म्हणाली, "मेल्या, निवडनूक हाय. बंदूक शिंदेकडं हाय. बाळारामची आई सकाली येऊन सांगून गेली."

"मग बसलीस कशाला इथे?" मी विचारलं, चांगलाच चिडून.

तिने पंजा पुढे केला. मला वाटलं आता ठरलेलं वाक्य. पण पंजात दुसरा खजूर होता, माझ्यासाठी.

"तू बोलतस का न्हाय, ते बगायला," ती म्हणाली.